नानांच्या सात पेट्या

आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या मंडळात माल दरवर्षी संपतो, किस्से काही संपत नाहीत! चार जण चहाला बसले की एक जण सुरू करतो, दुसरा त्यात भर घालतो आणि चहा निवून जातो. दिल्लीच्या हॉटेलचा विषय निघाला तर मला कोणी उठूच देत नाही. कारण मी तिथे होतो!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. फेब्रुवारी महिना. परदेशी खरेदीदारांना माल दाखवायचा कार्यक्रम दिल्लीच्या मधोमध, इंग्रजांच्या काळातल्या एका भल्यामोठ्या हॉटेलात होता आणि मुक्कामही तिथेच! आमच्याकडून तिघे. निफाडकडचे नाना, त्यांचा पुतण्या प्रकाश आणि मंडळाचा सेक्रेटरी मी. मी राहतो शहरात, इंदिरानगरला, इंग्रजी येतं म्हणून मला घेतलेलं. सोबत सात पेट्या द्राक्षं.

आदल्या वर्षी गारपिटीनं सगळ्यांच्या बागा झोडपल्या होत्या. या खेपेला तिसऱ्या दिवशी विलायतेचा साहेब पेटी उघडून 'हो' म्हणाला, तर बावीस घरांचा माल बोटीत चढणार होता. 'नाही' म्हणाला तर काय, याबद्दल मनमाडपासून दिल्लीपर्यंत नाना एक अक्षर बोलले नाहीत.

*

हॉटेलच्या दारात पितळी ट्रॉली आली. हमालानं पहिली पेटी उचलून तिरकी केली मात्र, नाना ओरडले, "ए! आडवा मत करो! देठ मोडेगा!"

मग त्या संगमरवरी लॉबीतून आमची मिरवणूक निघाली. पुढे ट्रॉली, बाजूला दोन्ही हात पेट्यांवर ठेवून नाना, मागे आम्ही. "हळू... हळू... सांभाळून..."

सोफ्यावरची एक म्हातारी मडम पटकन उभी राहिली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. तिला वाटलं, कोणीतरी फारच आजारी आहे!

*

खोलीत स्वागताची फळांची परडी होती. तिच्यात द्राक्षाचा एक घड. नानांनी तो देठाला धरून उचलला, उजेडात फिरवला आणि खिशातून घडातले जादा मणी काढायची, विरळणीची कात्री काढली. (आमच्याकडची माणसं रुमाल विसरतील, कात्री नाही!) खराब मणी कच्-कच् कापून घड परत ठेवला.

तेवढ्यावर थांबते तर नाना कसले! खाली लॉबीत फळांची मोठी सजावट होती, तिथेही कात्री चालली. सुटातला मॅनेजर धावत आला, "सर, एनी प्रॉब्लेम?"

"विरळणी येळेवर केली नाय," नाना म्हणाले, "म्हणून मणी बारीक राह्यले. सांगा तुमच्या मान्साला."

मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. तासाभरात खोलीवर नवी परडी आली आणि सोबत माफीची चिठ्ठी!

*

संध्याकाळी जेवणाच्या हॉलच्या दाराशी नानांची टोपी पाहून आम्हाला अडवलं. "सर, अंदर टोपी अलाउड नहीं है."

नानांनी आधी हॉलमध्ये डोकावून पाहिलं. मग गंभीरपणे मला म्हणाले, "सेक्रेटरी, आमच्यात टोपी मयताला काढत्यात. इचारा त्याला, कोन गेलंय?"

मी विचारलं. त्या माणसानं हातच जोडले, "रहने दीजिए सर, रहने दीजिए!"

प्रकाश एरवी टोपी घालत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंही घातली.

*

मॅनेजर माणूस मात्र हौशी! त्यानं आम्हाला सगळं हॉटेल फिरून दाखवलं. या जिन्यावरून कोण उतरलं, त्या हॉलमध्ये कोण नाचलं. बागेत आल्यावर तर रंगातच आला, "याच हिरवळीवर व्हाइसरॉय चहा प्यायचे!"

प्रकाश गुलाबाच्या झाडाशी उकिडवा बसलेला. तिथूनच म्हणाला, "सायेब, भुरी आलीय. पांढरी पावडर दिसती का? आजच गंधक मारा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या दारावर टकटक. बाहेर हॉटेलचा हेडमाळी, हातात वही-पेन!

*

आता नानांचा खरा किस्सा.

दिल्लीत थंडी आणि हॉटेलची माणसं अगत्याची. आम्ही बाहेर पडलो की कोणीतरी येऊन नानांच्या खोलीतला हीटर लावून जायचं. दोनदा बंद केला, दोनदा पुन्हा चालू! नाना कासावीस झाले. "द्राक्षं उकडून काढत्यात का काय!"

त्यांनी सगळी खोली हातानं चाचपली. गार जागा एकच, बाथरूम. फरशी संगमरवरी, खिडकी उत्तरेची. मधोमध पांढराशुभ्र टब. कोरड्या टबात सातही पेट्या ओळीनं मांडल्या, खिडकी सताड उघडली आणि नाना दाराशी खुर्ची टाकून बसले.

"नाना, आंघोळीला आमच्या खोलीत या," मी म्हटलं.

"मी हाललो की तो हीटरवाला आला!"

तिसऱ्या दिवशी एक पेटी खाली दाखवायला नेली आणि साहेब आला. उंच, लालबुंद, हातात थर्मामीटर. त्यानं घड देठाला धरला, तेव्हाच मला कळलं की हा जाणकार आहे. मण्यात थर्मामीटर खुपसून त्यानं विचारलं, दिल्लीत कुठल्या कोल्ड स्टोरेजला ठेवला होता माल?

मी थाप मारणार, तेवढ्यात नानांनी मला अर्थ विचारला. सांगितला.

"खोटं कशाला बोलायचं? चला, सायेब!" म्हणत ते जिन्याकडे निघाले सुद्धा! गिऱ्हाइकाला न्हाणीघर दाखवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

साहेब टबाशी उभा राहिला. आत उरलेल्या सहा पेट्या. थर्मामीटर एका पेटीत घातलं, काढलं, पाहिलं. प्रकाशनं माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

मग साहेबानं नानांकडे बोट केलं आणि विचारलं, हे गृहस्थ आंघोळ कुठे करतात?

"माल ठरल्यावर करीन, सायेब," नाना म्हणाले.

मी खाली मान घालून तेच इंग्रजीत सांगितलं. साहेबानं नानांकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं. थर्मामीटर पुसून खिशात ठेवलं आणि मला काहीतरी म्हणाला.

"काय म्हंतो?" नानांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला होता.

मी आधी त्यांचे दोन्ही हात धरले.

"नाना," मी म्हटलं, "आंघोळ करून घ्या म्हणतोय!"