खिशातल्या दोन चिठ्ठ्या

नांदेडच्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळणं हे माझं काम. तिथं केलेली एक चूक मी चार दिवस लपवली, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे एका मॅडमचं पीएचडीचं काम चालू होतं. मूळच्या किनवटच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. एका पिंजऱ्यातल्या पाच उंदरांना त्यांनी महिन्यापूर्वी एका जिवाणूची लागण केली होती. ते बरे झाले होते. दुसऱ्या पिंजऱ्यातले पाच कोरे, म्हणजे लागण न झालेले. आता दहाही उंदरांना तोच जिवाणू टोचायचा आणि पाहायचं, की जंतूशी लढणाऱ्या टी पेशी ओळखीच्या शत्रूवर किती लवकर तुटून पडतात.

नळाला दर चौथ्या दिवशी तासभर पाणी यायचं. एका वेळी एकच पिंजरा धुवायचा, असा नियम. मी पाणी जाईल म्हणून सगळे एकदम घासायचो. त्या दिवशी या दोन पिंजऱ्यांवरच्या 'कोरा' आणि 'लागण झालेले' अशा चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून शर्टाच्या खिशात टाकल्या. परत लावताना कुठली कुठं, तेच आठवेना. अंदाजानं लावल्या.

टोचायच्या दिवशी मॅडमनी सुई भरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. चिठ्ठ्यांची खात्री न्हाई मला."

"मामा, मग चार दिवस काय करून राहिले होते तुम्ही?"

"भिऊन राहिलो होतो."

त्यांचा चेहरा उतरला. सुई खाली ठेवून त्या पिंजऱ्यांकडं बघत बसल्या आणि एकदम उठल्या. "चिठ्ठी चुकली असंल. रक्त कसं चुकंल?"

प्रत्येक शेपटीतून थेंबभर रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि जीपनं लातूर गाठलं. पेशी मोजायचं मशीन तिथं होतं. हा जिवाणू ओळखणाऱ्या टी पेशींनाच चिकटेल असा रंग मॅडमनी रक्तात मिसळला.

मशीनवरचा माणूस म्हणाला, "धा थेंबांसाठी नांदेडहून आलात व्हय?"

"मामांची कृपा," मॅडम म्हणाल्या. मी मान खाली घातली.

पहिला नमुना 'कोरा' चिठ्ठीच्या पिंजऱ्यातला. पडद्यावर कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट पुंजका उमटला. दुसऱ्याचाही तसाच. पाचही! मग 'लागण झालेले' लावले, तर तो कोपरा जवळजवळ रिकामा. महिना उलटला तरी त्या पेशी शत्रूला ओळखून वाट बघत होत्या. आणि मी चिठ्ठ्या साफ उलट्या लावल्या होत्या.

"मामा, दिसलं का? लई भारी!" मॅडम टाळ्या पिटत होत्या. मीही ओरडलो, "दिसलं, दिसलं!"

परतल्यावर चिठ्ठ्या अदलून त्यांनी दहाही उंदरांना जिवाणूचा डोस दिला. पाचव्या दिवशी पुन्हा लातूर. आधी लागण झालेल्या पाचांतला पुंजका फुगून पडदाभर झाला होता. कोऱ्यांचा नुसता डोकं वर काढत होता. मॅडमचं काम वाचलं होतं.

त्यांनी वही पुढं सरकवली. "चिठ्ठ्यांचं काय झालं ते लिहा. तुमच्या अक्षरात."

मी तारीख घातली आणि नळाला पाणी आलं तिथून लिहायला लागलो.