नाव नसलेली तीन भांडी

आर्डिस क्वामेच्या पार्लरमधला फोन भिंतीवर होता, केस वाळवायच्या खुर्चीला लागून. आर्डिसचे हात कायम कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात, औषधाने बरबटलेले. त्यामुळे फोन वाजला की त्या खुर्चीतल्या बाईने उचलायचा आणि म्हणायचं, "आर्डिसचं पार्लर, ती कामात आहे, निरोप सांगा." उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्या एकाच चर्चच्या, एकमेकींच्या हरणाच्या मांसाच्या पाककृती पाठ असलेल्या बाया. लपवायचं होतं काय?

लपवण्यासारखं झालं ते लॉवेल गेल्यावर. आर्डिसचा नवरा तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होता, तिथेच त्याच्या छातीत कळ आली. हेलिकॉप्टरने त्याला फार्गोला नेलं. माणूस वाचला नाही, हेलिकॉप्टरचं बिल मात्र आलं. विम्याने थोडं उचललं, बाकीचं आर्डिस दर महिन्याला पन्नास डॉलर पाठवून फेडू लागली. मग हेलिकॉप्टरवाल्या कंपनीने ते देणं एका वसुलीवाल्या कंपनीला विकलं, आणि डेरेक नावाच्या माणसाचे पार्लरमध्ये फोन सुरू झाले.

आर्डिस नाकासमोर चालणारी बाई. देणं आहे हे तिला मान्य होतं, म्हणून डेरेकचा आवाज चढला तरी ती खालमानेने ऐकून घ्यायची. एके दिवशी तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत पैसे आले नाहीत तर शेरीफ बेड्या घेऊन दारात येईल." आर्डिसने काय करावं? शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पर्समध्ये टूथब्रश आणि रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या आणि स्वतःच शेरीफच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

"तू एवढ्या लांब गाडी कशाला काढतोस? म्हटलं, आपणच यावं," ती म्हणाली.

शेरीफचं जावळ तिनेच कापलं होतं. तो आधी हसला, मग पर्समधून डोकावणारा टूथब्रश पाहून त्याचं हसू मावळलं. "आर्डिस मावशी, उधारीसाठी कुणाला तुरुंगात टाकत नाहीत गं! ही धमकी देणंच गुन्हा आहे. तू आधी वकिलाकडे जा बघू." त्याने स्वतः फोन करून तिला गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या वकिलाची वेळ घेऊन दिली.

वकील रेने थाओ तिच्या मुलीच्या वयाची होती. आर्डिस खुर्चीच्या कडेवर बसली. "पण मी देणं लागते ना हो. मग दावा कुठल्या तोंडाने लावू?"

"देणं लागता म्हणून कुणी तुम्हाला छळावं असं कायद्यात कुठे नाही, आर्डिसबाई," रेने म्हणाली. "तुमच्या देण्याबद्दल दुसऱ्या कुणाजवळ बोलायलासुद्धा त्यांना बंदी आहे. असं कुणाजवळ बोललाय का तो?"

 आर्डिसला मागच्या दाराशी सापडलेली भांडी आठवली.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की शेजारणी हॉटडिश आणून ठेवतात, खाली खिमा आणि वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. भांडं परत मिळावं म्हणून तळाला नावाची चिकटपट्टी लावायची. लॉवेलच्या वेळची भांडी आर्डिसने घासूनपुसून कधीच परत केली होती. त्यानंतर घरात कुणी गेलं नव्हतं, तरी त्या महिन्यात दाराशी तीन हॉटडिश येऊन पडले. तिन्हींच्याही तळाची पट्टी सोलून काढलेली! त्याच सुमारास बाया जाताना टीपही दुप्पट ठेवू लागल्या होत्या. त्यांना सगळं कळलंय हे आर्डिसने तेव्हाच ओळखलं होतं. लाजेने तिला तो घास गिळवेना, पण टाकायचं कसं, म्हणून खाल्लं.

"खुर्चीत बसून फोन उचलणाऱ्या बायांनी ऐकलंय," ती शेवटी म्हणाली. "पण त्या जीव गेला तरी बोलायच्या नाहीत. मला वाईट वाटेल ना!"

"नाही बोलल्या तर आपल्या हातात काही नाही," रेने म्हणाली.

नाव सोलल्याने भांडं ओळखू येत नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी आर्डिसला ओळखलंच नव्हतं. तपकिरी झाकणाचं डेलोरेस त्वाइटचं. टवका उडालेलं काचेचं आयनेझ बाक्केचं. आणि पिवळ्या फुलांचं मार्लिसचं. मार्लिस म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, दर शुक्रवारी केस सेट करून घेणारी. ती तर महिनाभर फिरकलीच नव्हती. मनगट दुखतंय म्हणे! केस आर्डिसने करायचे, त्यात हिचं मनगट कुठून आलं? बाकी कुणीही तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं, पण मार्लिसचं आर्डिसला फार लागलं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. आर्डिसने तिन्ही भांडी टेबलावर मांडली आणि हात पुसले.

"हेलिकॉप्टरचं बिल थकलंय माझं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहेच. तो माणूस फोनवर जे बोलला ते मला कोर्टात सांगायला हवंय. ज्यांनी ऐकलंय त्यांनी आपलं भांडं उचलावं."

कुणी कॉफी ढवळली, कुणी बाहेरच्या थंडीबद्दल बोललं. मग डेलोरेस उठली. "मला मेलीला चोर म्हणाला तो, तुला लपवते म्हणून," असं म्हणत तिने तपकिरी भांडं छातीशी धरलं. पाठोपाठ आयनेझ आली. मार्लिस डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात बसली होती. ती उठलीच नाही.

सगळ्या पांगल्यावर आर्डिस पिवळ्या फुलांचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. मार्लिस धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"माझी एवढी लाज वाटते तुला?"

"तुझी नाही गं, माझी वाटते." मार्लिसने नळ बंद केला. "तो म्हणाला, आज काही भरलं नाही तर तुला संध्याकाळी नेतील. मी माझ्या कार्डाचा नंबर वाचून दाखवला. तीनशे डॉलर गेले. म्हणून तर शुक्रवारचं परवडेना."

"अगं बाई, फोन ठेवायचा ना!"

"कसा ठेवणार? त्याचं बोलणं संपलं नव्हतं."

आर्डिसला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने दोन्ही केलं. मग तिने मार्लिसचा रुमाल सोडला, ते चपटे, वाढलेले केस पाहिले आणि तिला तशीच ओढत पार्लरला नेलं. रविवारी पार्लर उघडण्याची ती पहिलीच वेळ.

दावा लागला. मार्लिसच्या कार्डावरची ती रक्कम आणि तिघींच्या जबान्या समोर आल्यावर कंपनीच्या वकिलांचा नूर बदलला. निकालापर्यंत जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी उरलेलं देणं सोडलं, मार्लिसचे तीनशे परत केले, वर आर्डिसला नुकसानभरपाई आणि रेनेच्या कचेरीला फी दिली. डेरेकचं पुढे काय झालं ते गावात कुणाला कळलं नाही.

दावा मिटला त्याच्या पुढच्या शुक्रवारी मार्लिस डोक्यात रोलर घेऊन वाळवायच्या खुर्चीत बसली होती. फोन वाजला. आर्डिसचे हात डेलोरेसच्या केसांत होते. मार्लिसने जरा दम घेऊन फोन उचलला. "आर्डिसचं पार्लर... नाही, खिडक्या बदलायच्या नाहीत... नको म्हटलं ना." पलीकडचा खिडक्या विकणारा बोलतच राहिला. मार्लिसने डोळे मिटले आणि फोन ठेवून दिला. तिचे कान लाल झाले होते.

"अजून बोलत होता गं तो," ती कसनुसं तोंड करून म्हणाली.

"बोलू दे," आर्डिस म्हणाली.