मूठमामांचं एकच बिघडलेलं काम

मूठमामा माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसत. समोर तलाठी असो की नवी सून, त्यांची नजर आधी पंजावर जायची आणि तिथेच मुक्काम करायची. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळं गाव मुलीचा रंग विचारत होतं. मामांनी विचारलं, "करंगळी लांब हाय का आखूड?" मला सांगता आलं नाही. "मग काय पाहून आले, गुरुजी?" असं म्हणून ते पुन्हा रंधा मारू लागले. मी तेव्हा सेनगावला नवाच मास्तर होतो. या प्रश्नात मात्र मी नापास झालो.

धंदा सुताराचा, पण दारं-खिडक्यांत त्यांचा जीव रमत नसे. "दाराचं काय, उघडलं अन् लावलं. मूठ मानसासंगं दिसभर राहती." खुरप्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, वखराचं रुमणं, यातच त्यांचं राज्य. हळद काढायच्या दिवसांत कुरुंद्याहून बाया त्यांच्याकडे यायच्या. माप घ्यायची रीतही त्यांचीच होती. काळ्या मातीचा ओला गोळा हातात द्यायचा आणि म्हणायचं, "दाब." तो गोळा सावलीत वाळवून ओसरीच्या फळीवर ठेवायचा. सगळ्या गावाच्या मुठी तिथे ओळीने बसलेल्या असत. माझ्या आईचं एक बोट वाकडं होतं. तिचं खुरपं दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नसे, त्यामुळे ते कधी चोरीला गेलं नाही.

आपली एकही मूठ परत आली नाही, हा मामांचा एकुलता एक गर्व. ते तो रोज बोलून दाखवत.

नव्वदच्या दशकात आमच्या पाटलांनी पिस्तुलाचा परवाना काढला. अर्जात कारण होतं, जिवाला धोका. कुणापासून ते अर्जात नसावं, पण गावाला ठाऊक होतं. माझ्या वडिलांपासून, म्हणजे आबांपासून. आबांचं आणि पाटलांचं एका बांधावरून कोर्टात चालू होतं. हा धोकादायक माणूस दम्यामुळे त्या बांधापर्यंत दोनदा बसल्याशिवाय पोचत नसे, ती गोष्ट वेगळी.

पिस्तूल आलं ते एवढंसं, आणि पाटलांचा पंजा टोपल्याएवढा. दोन बोटं मावायची, तिसरं अडखळायचं, करंगळी बशीतून चहा पिताना असते तशी बाहेर. पाटील ओसरीवर आले, गोळ्या काढल्या, स्क्रू सोडवून बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मामांपुढे ठेवल्या. म्हणाले, "मामा, याला आरामशीर मूठ करा. तकलीफ होऊन राहिली."

"खुरपं दिसभर धरतेत," मामा म्हणाले. "हे किती येळ धरायचं?"

"येळ आली की धरायचं."

"मग येळ आल्यावरचा हात बी पाहा लागंल."

पहिला गोळा पाटलांनी मजेत दाबला. दुसरा हातात असताना मामांनी सहज विचारलं, "बांधाचं काय होऊन राहिलं, पाटील?" पाटलांची मूठ अशी आवळली की बोटांमधून चिखल बाहेर आला. "बराबर," मामा म्हणाले आणि दोन्ही गोळे फळीवर ठेवले.

मूठ झाली ती शिसवीची, देखणी. तळहाताला भरीव, करंगळीला खाली बसायला जागा. झोपाळ्यावर बसून पाटलांनी ती धरली आणि पानवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवली. आठ दिवसांनी ते परत आले. नुसतं धरलं तर लोणी, पण जोरात आवळलं की अंगठ्याच्या बुडाशी टोचतं. मामांनी कानस फिरवली, काचकागद मारला. पुन्हा टोचलं. तीनदा मूठ परत आली आणि तीनदा तशीच गेली.

गावाला विषय मिळाला. दिसेल तो पाटलांना विचारायचा, "अजून टोचतंय का?" बाया म्हणू लागल्या, मामांची नजर गेली. काहींनी वारंगा फाट्यावरून तयार दांडे आणले. एका दांड्यावरून भावकीशी भांडणारे मामा हे सगळं खाली मान घालून ऐकत. मला त्यांची फार कीव आली. आज त्या किवेची लाज वाटते.

पेरणीच्या आधी एका रविवारी मी शेतात होतो. आमचे बैल बांध ओलांडून गेले. पाटलांचा आवाज चढला, आबांचाही चढला, जेवढा दमा चढू देत होता तेवढा. पाटलांनी पिस्तूल काढलं. मी मध्ये धावलो असं लिहायला आवडलं असतं. माझे पाय हलले नाहीत. पाटलांनी मूठ आवळली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. सवयीने त्यांनी पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात झटकला.

आबांनी धापा टाकत विचारलं, "अजून टोचतंच का?"

"तीनदा घासून देली त्यानं," पाटील कळवळून म्हणाले.

"त्याला आता काई दिसत न्हाई. मह्या रुमण्याचं बी वाटोळं केलं."

रुमणं उत्तम होतं. पण दोघे जण बांधावर बसून पाव घंटा मामांना शिव्या देत राहिले. पिस्तूल कधी कमरेच्या पाकिटात गेलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी तसाच ओसरीवर गेलो आणि घडलेलं सांगितलं. मामांनी रंधा खाली ठेवला. "आबा बरे हायेत ना?" मग फळीवरचे पाटलांचे दोन गोळे काढून माझ्या हातात दिले. पहिल्यात अंगठ्याखाली सपाट होतं, दुसऱ्यात खोल खड्डा. "त्या जागी शिसवीची गाठ ठेवली," ते म्हणाले. "दर बारीला तिच्या भवतालचं घासलं."

"पण तुमचं नाव गेलं, मामा."

"गेलं," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, फार. "कुनाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. काही वर्षांनी पाटलांचे गुडघे गेले, पिस्तूलही त्यांनी ठाण्यात जमा करून टाकलं. तेव्हा मामांनी न सांगता एक काठी करून पाठवली. पाटील ती टेकत ओसरीवर आले. मी तिथेच होतो.

"मामा, ही काहून टोचत न्हाई?"

त्या दिवशी मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पंजावरून नजर काढून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. "ही रोज धरायची हाय, पाटील."

पाटील फळीवरच्या आपल्या मातीच्या दोन गोळ्यांकडे पाहत उभे राहिले. मग खाली बसले आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवसापासून ते भेटेल त्याला काठी दाखवून सांगू लागले की मामासारखा हात जिल्ह्यात नाही.

मामा त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेले. पाटलांना खांदा देता आला नाही. काठी टेकत ते सगळ्यांच्या मागे चालत होते, आणि त्यांच्या बाजूला आबा, दम खात. दर थोड्या अंतरावर दोघांपैकी एक जण थांबायचा आणि दुसरा त्याच्यासाठी उभा राहायचा.