शर्यतीआधीची नजर

टीव्हीवर शर्यत सुरू होणार होती. निरनिराळ्या देशांच्या मुली रेषेपाशी उभ्या होत्या, त्यांत एक आमच्या गावची. इतरांच्या अंगावर पिढ्यांचं दूध-अंडं दिसत होतं. हिची ताकद भिजवलेल्या हरभऱ्यांची.

आमचं मैदान पुढाऱ्यांच्या सभांना दिलं जातं. मांडव उतरला की दुसऱ्या सकाळी पोरी आधी वाकून खिळे वेचतात, मगच धावतात. हीसुद्धा त्यांच्यातलीच.

"पदक आणेल ना?" शेजारच्या काकांनी विचारलं.

बाकीच्या मुली समोर बघत होत्या. हिने मात्र मान खाली घालून त्या लाल, गुळगुळीत पट्ट्यावरून सावकाश नजर फिरवली.

"देवाचं नाव घेतेय," काका म्हणाले.

ती खिळे शोधत होती.