वगळायचे फोटो

आमच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. दूरच्या एका दरीत झाडांना बांधलेले कॅमेरे होते. समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढायचे. त्यांची कार्डं दर पंधरा दिवसांनी टपालाने यायची आणि ती एकेक फोटो चाळायची. हललेलं गवत, वगळा. माणूस, वगळा. प्राणी असेल तर नाव, तारीख, वेळ लिहा. त्या दरीत दगडाची खाण निघणार होती. तिथे काय काय जगतंय याचा पुरावा जमवणं हे आमचं काम.

कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायला दरीत राहायचा तो तिचाच नवरा. तिथे फोन लागत नसे. दर कार्डावर तो दोन-तीनदा दिसायचा. वाकलेला, पाठमोरा, कधी नुसती टोपी. नियमाप्रमाणे तेही वगळायचे. ती वगळायचीही, पण आधी खुर्ची पुढे ओढून बघत बसायची.

"दाढी वाढलीये बघ. आरसा फुटला असणार," शेजारच्या टेबलावरून मला म्हणायची.

एकदा मात्र तिचा चेहरा उतरला. "तीन फोटो आहेत. तिन्हींत डावा पाय टेकत नाहीयेत."

रिकामी कार्डं परत पाठवायच्या पाकिटात तिने चिठ्ठी घातली: 'पाय डॉक्टरला दाखवा. लपवू नका, मला इथून सगळं दिसतं.' पुढच्या कार्डावर तो कॅमेऱ्यासमोर उभा! पँट गुडघ्यापर्यंत वर, पायाला पांढरंशुभ्र बँडेज, चेहरा चोरी पकडल्यासारखा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसू थांबलं, पाणी थांबेना. तो फोटो तिने वगळला नाही. मीही काणाडोळा केला.

तिसऱ्या वर्षी एका फोटोत पाणमांजराची मादी आली, मागे तीन पिल्लं. खाणवाल्यांच्या कागदांत त्या जागेला 'ओसाड' म्हटलं होतं. फोटो सुनावणीत गेले, खाण रद्द झाली. काम संपलं, नवरा घरी आला.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेले. तो गॅलरीत बसून समोरच्या इमारतीकडे बघत होता. चहा कधीच निवला होता.

"तीन वर्षं मी यांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते," ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "आता माणूस घरात आहे, जीव तिकडेच. जेवताना मध्येच विचारतात, पिल्लं केवढी झाली असतील गं?"

"मग तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? दरीचं पान न् पान पाहिलंय मी. तिथल्या पाण्याचा आवाज मात्र कधी ऐकला नाही." ती गॅलरीच्या दारात गेली. "अहो, मलाही न्या ना एकदा."

त्याने वळून पाहिलं. "चालशील एवढं?"

"तुम्ही पुढे व्हा, मी येते."

चार दिवस दोघं जाऊन आले. पिल्लं काही दिसली नाहीत. ती कामावर आली, तेव्हा दुसऱ्याच एका रानातली कार्डं टेबलावर येऊन पडली होती.

"कशी होती गं दरी?" मी विचारलं.

"पाणी फार गार होतं," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने कार्डांना हात लावला नाही.