शिळेखालचे तळवे

नव्या पॅगोड्याच्या पायरीसाठी आम्ही ओढ्यातली शिळा काढली. गावातल्या बायका तिच्यावरच उभ्या राहून धुणं धुवायच्या. उलटवली, तर खालच्या अंगाला बुद्धाची दोन पावलं कोरलेली. पालथी कुणी घातली असेल? मोडायला, की जपायला?

शिळा पॅगोड्याकडे नेली, तशी हात जोडून माणसं तिच्यामागे गेली. मी खड्ड्याशीच थांबले. कोरीव खाचांत बसलेल्या चिखलाचे दोन तळवे तिथं राहिले होते, आभाळाकडे रोखलेले, जणू खाली कुणी उलटं उभं होतं. आपण नवं उभारतो म्हणतो. पण इतकी वर्षं आपल्यालाच कुणी तोलून धरलं असेल तर?

धुणं धूत याच शिळेवर म्हातारी झालेली सखूमावशी पौषातल्या गारठ्यात खड्ड्यात उतरली. तिनं आपली पावलं त्या तळव्यांवर अलगद टेकवली.

"ऊन आहेत गं," ती म्हणाली.