सुएझच्या बाजारातलं चिंचेचं पाणी

आमचं गाव धारूरच्या डोंगरातलं. घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. जनावराची मला लहानपणापासून सवय, म्हणून निजाम सरकारच्या रिसाल्यात घोडे सांभाळायला सईस म्हणून लागलो. पुढं इंग्रजांची तुर्कांशी मोठी लढाई लागली आणि त्यांच्या मदतीला रिसाला बोटीनं मिसर देशात गेला. घोड्यांबरोबर मीही गेलो.

माझ्या बोलीचा माणूस एकच होता, माजलगावकडचा. बोटीवर त्याला ताप भरला आणि सुएझला उतरताच त्याला परत पाठवलं. बाकीचे सईस हैदराबादचे. माणसं चांगली, आपल्यातलं काढून देणारी. पण त्यांचे विनोद मला अर्धेच कळायचे, आणि मी हसेपर्यंत ते पुढं गेलेले असायचे.

घोड्यांना खरारा करून पाणी पाजलं की दुपारी थोडी सवड मिळे. मी एकटाच बाजारात जायचो. ऊन असं, की आपला वैशाख बरा. थंड पेयं विकणारे गल्लोगल्ली फिरत. पोटावर पट्ट्यानं बांधलेली मोठी काचेची सुरई, हातात पितळेच्या दोन वाट्या, त्या एकमेकींवर वाजवत. पहिल्यांदा मी काळपट, फेसाळ असं काहीतरी घेतलं. घोट घेतला आणि थबकलो. ज्येष्ठमध! खोकला झाला की माय चघळायला द्यायची ते. भर उन्हात खोकल्याचं औषध प्यालो याचं हसू आलं, पण हसून सांगावं असं शेजारी कोणी नव्हतं. पुढच्या खेपेला लाल पाणी प्यालो. अंबाडीच्या बोंडांसारखं आंबट, वर साखर. अंबाडीची आम्ही भाजी खाणारी माणसं. तिचं सरबत होतं हे गावात कुणाला पटलं नसतं.

एके दिवशी मागून हाक आली, "हिंदी! हिंदी!"

मी गर्रकन वळलो. आपल्याकडचं कुणी भेटलं असं वाटलं. पाहतो तर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा सुरईवाला. त्यानं मला पाहिलंही नव्हतं. तो आपला माल विकत होता. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी हिंदी." तो गोंधळला. मग सुरईवर थाप मारून म्हणाला, "तमर हिंदी!" आणि वाटी भरून पुढं केली. चिंचेचं पाणी होतं. चिंचेला ते लोक हिंदचा खजूर म्हणतात, हे मला नंतर एका सईसानं सांगितलं. म्हातारा मात्र खदखदून हसला. माझ्याकडं बोट, "हिंदी." सुरईकडं बोट, "हिंदी." त्यानंतर मी दिसलो की तो लांबूनच ओरडायचा, आणि ती हाक मलाच असायची.

मग नव्या घोड्यांबरोबर काही माणसं आली. त्यातल्या एकानं गावाकडचा निरोप सांगितला, "तेरी माँ गुजर गई रे भाई." सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला, सबर कर म्हणाले. मला रडू आलं नाही. दुपारी म्हाताऱ्याकडं गेलो. वाटी हातात घेतली आणि तोंडातून आपली बोली सुटली.

"बाबा, माय गेली माजी. निघालो तवा दारात उभी व्हती. लवकर ये म्हनली. अन् मी हितं हाय. लई लांब हाय मी, बाबा."

त्याला एक शब्द कळला नाही. पण त्यानं वाट्या वाजवणं थांबवलं. आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच परतवलं, सुरई उतरवून भिंतीशी ठेवली आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. मी बोलत राहिलो. मायचं, मेंढरांचं, गळक्या छपराचं. माझं संपल्यावर तो त्याच्या भाषेत बराच वेळ हळू आवाजात काही सांगत होता. तेही मला कळलं नाही. त्याचंही कुणी गेलं असावं.

थोड्याच दिवसांत रिसाला वाळवंटात हलला. हुकूम अचानक आला, बाजारात जाऊन यायला सवड मिळाली नाही. तिकडं पाणी उंटांवरून यायचं, पत्र्याचा वास मारणारं, आणि तेही आधी घोड्यांना. तोवर मी माझ्या घोड्याशी सगळ्यांसारखा हिंदुस्थानीत बोलायचो. तिथं मी त्याच्याशी आपल्या बोलीत बोलायला लागलो. त्याच्या मानेवर हात ठेवून रोज काही ना काही सांगायचो.

"क्या बोलता रे इसकू?" एकदा एका सईसानं विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हणालो.